मुळावणे आणि वाढणे : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील श्रद्धेचा काळ

१

मराठीतील ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार करताना समीक्षेने आजवर दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले आहेत. पहिला प्रश्न असा, की या व्यक्तींनी धर्मांतर का केले? दुसरा असा, की धर्मांतरानंतर त्या मराठी संस्कृतीत कितपत राहिल्या? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामाजिक इतिहासात शोधले जाते. जातिव्यवस्थेचा जाच, स्त्रियांची दुःस्थिती, मिशनरी शाळांचे शिक्षण, दुष्काळ ही कारणे त्यात येतात. दुसऱ्याचे उत्तर भाषेत आणि छंदात शोधले जाते. ओवी, अभंग, कीर्तन यांचा स्वीकार ज्याने केला तो आपला, ज्याने केला नाही तो परका, असा एक अलिखित निकष त्यामागे असतो. दोन्ही प्रश्न उचित आहेत. मात्र त्यांच्या दरम्यान एक तिसरा प्रश्न सुटून गेला आहे. स्वीकारलेल्या श्रद्धेत माणसे टिकली कशी, आणि टिकत असताना वाढली कशी, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा आहे असे मानून समीक्षेने तो मंडळीच्या उपदेशकांकडे सोपविला असावा. वस्तुतः तो वाङ्मयीन प्रश्न आहे. धर्मांतर ही घटना आहे. तिला दिवस असतो, स्थळ असते, साक्षीदार असतात. घटनेचे कथन करणे निवेदनाला सोपे जाते. टिकणे आणि वाढणे यांना मात्र दिवस नसतो. ती कालावधीत पसरलेली, बहुधा निवेदकाच्याही नजरेत न येणारी प्रक्रिया असते. अशा प्रक्रियेला आत्मकथनाचा कोणता आकार पेलू शकतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाईंची ‘माझी साक्ष’ आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ या तीन आत्मकथनांच्या आधारे, आणि नारायण वामन टिळकांच्या उत्तरायुष्याची त्यांना जोड देऊन, हा विचार करता येतो.

२

‘मूळ धरणे’ ही प्रतिमा बायबलमध्ये अनेक ठिकाणी येते. तथापि तिचा अर्थ सर्वत्र एकच नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी सर्वांत आधी उगवते. माती खोल नसल्यामुळेच ते लवकर वर येते, आणि मूळ नसल्यामुळे उन्हात करपते. उगवण्याचा वेग आणि मुळाचा अभाव यांची येथे घातलेली सांगड लक्षणीय आहे. तत्काळ आणि आनंदाने झालेल्या स्वीकाराविषयी दाखला एक प्रकारची साशंकता व्यक्त करतो. लूककृत शुभवर्तमानात चांगल्या जमिनीचे लक्षण सांगताना धीराचा उल्लेख येतो. म्हणजे येथे मूळ ही काळाची प्रतिमा आहे, खोली हे कालावधीचेच दुसरे नाव आहे.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच प्रतिमा वेगळ्या रीतीने येते. तेथे ख्रिस्तामध्ये चालणे, मुळावणे आणि बांधले जाणे ही तीन रूपके एका वाक्यात एकत्र आली आहेत. काटेकोर अलंकारशास्त्राच्या दृष्टीने हा संकर दोषास्पद ठरेल; झाड चालत नाही आणि इमारत मुळावत नाही. परंतु मूळ ग्रीक धातुसाधितांची रूपे पाहिली म्हणजे या संकराचे प्रयोजन ध्यानात येते. ‘मुळावणे’ हे पूर्ण होऊन परिणामरूपाने टिकलेल्या क्रियेच्या रूपात आहे, तर ‘बांधले जाणे’ हे चालू असलेल्या क्रियेच्या रूपात आहे. एक गोष्ट झालेली आहे, दुसरी होत आहे. आणि या दोहोंच्या आधारे माणसाने चालावयाचे आहे. स्थैर्य आणि गती यांतून एकाची निवड करावी लागते, असे हे वाक्य मानीत नाही.

तिसरा संदर्भ प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आपोआप वाढणाऱ्या बीजाचा एक छोटा दाखला आहे. मनुष्य बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी वाढते, पण ते कसे वाढते हे त्याला कळत नाही. या दाखल्यातून आत्मकथनापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. आध्यात्मिक वाढ जर वाढणाऱ्याला न कळता होत असेल, तर प्रथमपुरुषी निवेदनात ती सांगावयाची कोणी? ‘मी वाढलो’ असे विधान करणारा निवेदक नम्रतेच्या कसोटीवर उणा पडतो, आणि बहुधा तो वाढीपेक्षा वाढीविषयीचे आपले मत सांगत असतो. आत्मकथनातील श्रद्धेच्या चित्रणाची खरी कसोटी येथे आहे. पाश्चात्त्य परंपरेतही हा पेच अपरिचित नाही. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये हृदयपालटाचा प्रसंग आठव्या खंडात येतो, पण ग्रंथ तेथे संपत नाही. दहाव्या खंडात बिशप झालेला ऑगस्टीन आपल्यात अद्याप शिल्लक असलेल्या मोहांची झडती घेतो. घटनेनंतरचा काळ हाच अधिक अवघड विषय आहे, याची जाणीव त्या रचनेत आहे.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीमुळे त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात कायम झाले असले, तरी श्रद्धेच्या कथनाचा एक नमुना म्हणून ‘अरुणोदय’चे महत्त्व कमी नाही. हा नमुना ग्रंथाच्या नावातच सूचित झाला आहे. अरुणोदय म्हणजे अंधाराचा अंत आणि दिवसाचा आरंभ. निवेदनाचा सारा भार बाप्तिस्म्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. बेळगावातील बालपण, घरातील देवधर्म, मिशनच्या शाळेतील अध्ययन, मुंबईतील परमहंस मंडळीशी आलेला संबंध, मनातील वादविवाद हे टप्पे वाचकाला १८५४ मधील बाप्तिस्म्यापर्यंत आणून सोडतात.

या रचनेत वाढ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट पदमनजींचा प्रवास संथ आहे. शंका, माघार, पुन्हा वाचन, पुन्हा वाद असा तो अनेक वर्षे चालतो. खडकाळ जमिनीवरील बीजाचा उतावळेपणा त्यात नाही. पण ही सारी वाढ घटनेच्या अलीकडची आहे. ‘अरुणोदय’ लिहिले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, म्हणजे बाप्तिस्म्याला सुमारे तीन दशके होऊन गेल्यावर. या दरम्यान पदमनजींनी पाळकपद सांभाळले, विपुल ग्रंथरचना केली, वादविवाद केले. ज्या श्रद्धेचा उदय ते सांगतात ती या काळात तावूनसुलाखून निघाली असणार. तिचा माध्यान्ह मात्र ग्रंथाच्या आकारात बसत नाही. त्याचे कारण लेखकाच्या अनुभवाच्या दारिद्र्यात शोधण्यापेक्षा त्याने निवडलेल्या रूपकात शोधावे हे अधिक सयुक्तिक होय. उजाडणे हे रूपक एकदाच घडते. उजाडल्यावर त्या रूपकाला काही करावयाचे उरत नाही.

शिवाय या नमुन्याचा श्रोता निश्चित आहे. बाहेर उभ्या असलेल्या हिंदू वाचकाला आत बोलावणे हा ग्रंथाचा हेतू आहे. आत आलेल्याने पुढे काय करावे, ही त्या वाचकाची गरज नाही. ग्रंथाचा वाचक आणि ग्रंथाचा आकार यांचे असे परस्परावलंबन असते. समीक्षेनेही त्याच दारापाशी उभे राहून हे वाङ्मय वाचले, आणि म्हणून तिचे लक्ष ‘का आले’ याच प्रश्नावर खिळून राहिले.

४

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) साक्ष या नमुन्याला आतून तडा देते. १९०७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या आणि मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने वाचल्या जाणाऱ्या या लहानशा कथनात बाप्तिस्मा हा शेवट नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचीत असताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. हॅस्लम स्वतः धर्मोपदेशक म्हणून काम करीत असतानाच हृदयपालटाच्या अनुभवातून गेला होता, हे येथे अर्थपूर्ण आहे. आत असलेला माणूसही आत आलेला नसू शकतो, हे रमाबाईंना त्या पुस्तकाने दाखविले.

या कबुलीचे मोल तिच्या पार्श्वभूमीवर मोजावे लागते. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात एक स्वतंत्र, वाद घालणारी, त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी प्रश्न विचारणारी, मंडळीच्या अधिकारापुढे मान न तुकविणारी स्त्री दिसते. क्रूसावरील अक्षरे लॅटिन असण्याऐवजी संस्कृत का असू नयेत, असा तिचा आग्रह होता. स्त्रीवादी अभ्यासकांनी या पत्रांतील रमाबाईंचे यथार्थ कौतुक केले. मात्र पुढच्या रमाबाई, म्हणजे केडगावच्या मुक्ती मिशनमधील, १९०५ च्या प्रार्थनाजागृतीतील रमाबाई, त्यांना बहुधा अवघड वाटतात. प्रश्न विचारणारी विदुषी शरणागत भक्त झाली ही जणू घसरण, असा सूर अनेकदा लागतो. मुळावण्याची प्रतिमा येथे वेगळे पाहावयास शिकविते. १८९१ मधील कबुली ही प्रश्नांची माघार नव्हे. तो त्याच प्रश्नकर्तेपणाचा स्वतःवर रोखलेला प्रयोग आहे. सिद्धान्तांची झडती घेणाऱ्या बुद्धीने अखेर स्वतःच्या श्रद्धेची झडती घेतली आणि ती उथळ असल्याचा निकाल दिला. असा निकाल देण्याला धैर्य लागते, आणि आठ वर्षे लागतात.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न भाषेचा आहे. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रकाशात आले. या भाषांतरात त्यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी साधी मराठी घडविण्याचा प्रयत्न केला आणि हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ वाहणारे संस्कृत शब्द शक्य तेथे टाळले. शास्त्र्याच्या घरात संस्कृतवर वाढलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या स्त्रीने स्वतःच्या भाषेची सर्वांत जुनी मुळे स्वतःच तोडावीत, ही घटना असाधारण आहे. संस्कृतीत रुजणे हाच श्रद्धेच्या खोलीचा निकष मानला, तर रमाबाईंचे हे भाषांतर उन्मूलन ठरते. परंतु मुक्तीतील दुष्काळग्रस्त, परित्यक्त स्त्रियांच्या बाजूने पाहिले, तर त्या संस्कृत मुळांनी या स्त्रियांना कधीच पोसले नव्हते. रमाबाईंनी स्वतःचे मूळ तोडून इतरांसाठी माती भुसभुशीत केली. त्यांचे भाषांतर सर्वत्र यशस्वी झाले असे नाही. शब्द टाळल्याने अर्थाचा पदर अनेकदा विरळ होतो. तरीही त्याचे मूल्यमापन ‘देशी’ आणि ‘परके’ या जोडीने करता येत नाही, एवढे मान्य करावे लागते.

५

देशीपणाचा हा निकष नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) सहज लागू पडतो, आणि म्हणून तो लावण्याचा मोह अधिक असतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, भजने आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्तीला मराठी रूप दिले. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची पदे आजही गायिली जातात. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. १९८० नंतर मराठी समीक्षेत देशीवादाची चर्चा बळावल्यावर टिळक हे देशी ख्रिस्ती कवीचे ठळक उदाहरण ठरावेत, हे स्वाभाविकच होते.

या गौरवात एक अर्धसत्य दडलेले आहे. कलम केलेल्या झाडाचे खोड स्थानिक आणि फांदी बाहेरची असते. पण कलम जगले की नाही हे खोडाच्या जातीवरून ठरत नाही, नव्या पालवीवरून ठरते. टिळकांची पालवी कोठे आहे? ती वारकरी परिभाषेच्या वापरात जितकी आहे, त्याहून अधिक त्यांच्या १९१७ मधील निर्णयात आहे. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या बंधुभावाच्या मंडळाचा आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात आणि काही वर्षे पत्नीही गमावलेल्या माणसाने बाप्तिस्मा न घेतलेल्यांना आपल्या बरोबरीने बसवावे, ही उदारता तत्त्वचर्चेतून आलेली नाही. ज्याने किंमत मोजली त्याने ती किंमत इतरांवर लादण्याचे नाकारले. दोन तपांच्या श्रद्धेला आलेले हे फळ आहे.

टिळकांच्या बाबतीत मूळ आणि वाढ यांच्यामधील ताणही येथे उघड होतो. ज्या संस्थेने त्यांना आधार दिला तिच्या कुंपणाबाहेर त्यांची वाढ गेली. मुळांनी धरून ठेवावे आणि फांदीने बाहेर जावे, हा झाडाचा धर्म आहे. संस्थेला मात्र मुळांची उपमा स्वतःसाठी राखून ठेवण्याची सवय असते, आणि म्हणून बाहेर गेलेली फांदी तिला तुटल्यासारखी वाटते. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही, ख्रिस्ती उपासना सोडली नाही. वेतन आणि व्यवस्था यांचा आधार तेवढा सोडला. मुळे संस्थेत नसून अन्यत्र होती, हे त्या सोडण्यानेच सिद्ध झाले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे मिळाली. म्हणून त्याच्या यशापयशाविषयी अधिक बोलता येत नाही. त्याच्या दिशेविषयी बोलता येते.

६

टिळकांच्या वाढीविषयी जे आज बोलता येते त्याचा मोठा भाग ज्या ग्रंथामुळे शक्य झाला, तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची थोरवी मराठी समीक्षेने प्रारंभापासून ओळखली. तिची निरागसता, विनोद, बोलीचा जिवंतपणा, टिळकांच्या विक्षिप्त उदारपणाचे चित्रण यांची चर्चा विपुल झाली आहे. श्रद्धेचे कथन म्हणून मात्र ‘स्मृतिचित्रे’ क्वचितच वाचली जातात, कारण त्यांत श्रद्धेची परिभाषा जवळजवळ नाही.

हाच या ग्रंथाचा गाभा आहे. पित्याच्या पराकोटीच्या सोवळ्याने ग्रासलेल्या घरात लक्ष्मीबाईंचे बालपण गेले. सोवळे हा त्यांच्या दृष्टीने एक विचार नव्हता. तो हातांचा, पाण्याचा, चुलीचा व्यवहार होता. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला आल्या तेव्हाही आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. मग एका क्षणी जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. समोर बसून कोणी उपदेश करीत नसताना, ती माणसाने केली असा निर्णय त्या स्वतःशी घेतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, येतो.

या क्रमाला अर्थ आहे. ‘अरुणोदय’मध्ये मताचा पालट होऊन आचार बदलतो. ‘स्मृतिचित्रां’त हात आधी बदलतो. कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाचे उत्तर बदलले म्हणजे देवाविषयीचे उत्तर बदललेले असते, आणि हे लक्ष्मीबाई सिद्धान्तरूपाने कोठेही मांडीत नाहीत. पुढे घरात अनाथ मुले येतात, विद्यार्थी येतात, बालकवींसारखा आपला धर्म न सोडणारा तरुण कवी घरचा होऊन राहतो. अडचण असते, भांडणे होतात, पैसा टिकत नाही. प्रत्येक प्रसंग त्याच्या जागी, त्याच्या विनोदासह येतो. ‘यावरून माझी श्रद्धा दृढ झाली’ अशा धर्तीचा निष्कर्ष प्रसंगाच्या शेवटी जोडलेला नसतो. मंडळीतील साक्षीच्या परंपरेत हा निष्कर्ष जवळजवळ अपरिहार्य असतो. ‘साक्ष’ या शब्दातच न्यायासनासमोर सांगण्याचा आणि निकालाकडे नेण्याचा भाव आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे नाव अनेकवचनी आहे. चित्रे शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्यांच्यामधील अंतर वाचकाने चालावयाचे असते.

मार्ककृत शुभवर्तमानातील दाखल्याने उभी केलेली अडचण येथे सुटते. वाढणाऱ्याला आपली वाढ कळत नसेल, तर ती सांगण्याचा दावा निवेदकाने सोडून द्यावा. त्याने दिवस सांगावेत. वाढ वाचकाला दिसेल. वेगळी चूल राखणाऱ्या पहिल्या भागातील मनू आणि कोणाचेही मूल आपले म्हणून वाढविणाऱ्या उत्तरभागातील लक्ष्मीबाई यांच्यात जे अंतर पडले आहे, त्याचा लेखिकेने कोठेही हिशेब दिलेला नाही. तो न देण्यातच ती वाढ विश्वसनीय होते. स्वतःवर हसण्याची लक्ष्मीबाईंची वृत्ती विनोदबुद्धी म्हणून नावाजली गेली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ती नम्रतेची शिस्तही आहे; ज्याला स्वतःचे हसू येते त्याला स्वतःच्या पावित्र्याची कथा रचता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ग्रंथात जे नाही त्यालाच अर्थ देण्याचा हा प्रकार आहे, आणि मौनाला वाटेल तो अर्थ देता येतो. हा आक्षेप गंभीर आहे. लक्ष्मीबाईंच्या प्रार्थनेविषयी, आंतरिक संघर्षाविषयी ग्रंथ फार थोडे सांगतो, आणि समीक्षकाने त्या जागा आपल्या भाविकतेने भरणे योग्य नाही. परंतु मौनाबरोबर कृतीही नोंदलेली असेल, तर कृतीवरून बोलता येते. त्या कृतींपैकी एक तर वाङ्मयीनच आहे. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या सुमारे अकरा अध्यायांवर थांबले होते. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. काव्य १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. जोडाक्षरांशी झगडत लिहावयास शिकलेल्या स्त्रीने वार्धक्यात ख्रिस्तचरित्राचे चौसष्ट अध्याय रचावेत, ही घटना कोणत्याही साक्षीहून बोलकी आहे. काव्यगुणांच्या तुलनेत ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या उंचीला पोचत नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येते, की एका ग्रंथाने जे न सांगता ठेवले ते दुसऱ्याच्या रचनेच्या कष्टांनी सांगितले.

७

येथवरच्या विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती या वाङ्मयाचीच मर्यादा आहे. रमाबाई आणि टिळक दांपत्य ही ब्राह्मण घरांतून आलेली, तर पदमनजी अक्षरओळख असलेल्या कासार घरातून आलेले. मराठी मुलखातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग मात्र अहमदनगर आणि आसपासच्या खेड्यांतील महार-मांग समाजांतून आला, आणि १८७६–७८ च्या दुष्काळानंतर त्यातील धर्मांतरांना वेग आला. या समाजाने आपली ‘स्मृतिचित्रे’ त्या काळात लिहिली नाहीत. त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो पुन्हा ‘का’ हाच होता. भाकरीसाठी, असे त्याचे उत्तरही परस्पर देण्यात आले.

या उत्तराची खोट आता स्पष्ट व्हावी. दुष्काळात हातात पडलेल्या भाकरीने एखादे वर्ष स्पष्ट होते. त्यानंतरच्या चार-पाच पिढ्या स्पष्ट होत नाहीत. भाकर संपल्यावरही जे राहिले, १९५० नंतर अनुसूचित जातीच्या सवलती धर्मामुळे नाकारल्या जात असतानाही जे राहिले, त्यांच्या राहण्याचा अर्थ आरंभीच्या हेतूवरून लावता येत नाही. ज्या श्रद्धेचा आरंभ मिश्र हेतूंत झाला तिलाही मूळ धरता येते. पेरणाऱ्याचा दाखला बी कोणत्या हेतूने स्वीकारले हे विचारीत नाही, ते किती खोल गेले हे विचारतो. या समाजाच्या टिकण्याचे पुरावे आत्मचरित्रांत नाहीत. ते भजनांच्या वह्यांत, मंडळ्यांच्या नोंदींत, खेड्यांतील ख्रिस्ती कीर्तनांत आणि कुटुंबांच्या मौखिक स्मृतींत आहेत. तेथे जाण्यासाठी समीक्षेला आपली साहित्याची कल्पना रुंदवावी लागेल.

‘मूळ’ या शब्दाने मराठी समीक्षेत गेली काही दशके एक अर्थ पक्का केला आहे. मूळ म्हणजे जेथून आलो ते. या अर्थाने ख्रिस्ती लेखकाकडे पाहिले, की तो नेहमी काहीतरी सोडून आलेला दिसतो, आणि त्याच्या लेखनात सोडलेल्याच्या खुणा शोधणे एवढेच काम उरते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात आणि कलस्सैकरांच्या पत्रात मुळाचा जो अर्थ येतो तो याहून निराळा आहे. तेथे मूळ हे बीजाच्या मागे नसते, ते बी पडल्यानंतर खाली जाते. ते वारशाने मिळत नाही, धरावे लागते. पदमनजींनी ते धरण्यापूर्वीची वाट सांगितली. रमाबाईंनी ते धरले नसल्याची कबुली दिली आणि मग धरले. टिळकांनी त्याच्या बळावर कुंपण ओलांडले. लक्ष्मीबाईंनी त्याविषयी काहीही न सांगता ते वाचकाला दाखविले. या चौघांना एकाच ‘धर्मांतरित’ या सदरात घालून त्यांच्या एका दिवसाची चर्चा करणे समीक्षेने आता थांबवावयास हवे. त्यांच्या पुढच्या सर्व दिवसांचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे.